अठरावर अडकलेला

मे महिन्याची दुपार, दिग्रसची सडक पाय चटकवणारी,
आणि पंचफुलाकाकूंचा फोन:
"दीक्षे, ये वो लवकर. माही कुल्फी झाली."

पिंपळखुट्यात पंचेचाळीस.
त्यांच्या मधल्या खोलीत अठरा.
काकू वाकळ घेऊन पलंगावर, कानाला मफलर,
आणि भिंतीवर जावयानं पाठवलेला एसी
इमानेइतबारे फुंकतोय.
"लाईन गेली का वाचते बापा,
आली का थो पुन्हा अठरावर.
रिमोट मेला त्याचा."

मी कूलरची माणूस.
आयटीआयचा कागद आहे माझ्याकडे,
पण गावानं मला ओळखलं ते पंपावरून, खसाच्या जाळीवरून.
कूलरला रिमोट नसतो.
अडला की कुशीत एक बुक्की घालायची,
पाणी ठिबकायला लागतं.
याला कुठं मारू?
हा वर, पाहुण्यासारखा,
बूट न काढता बसलेला.

सेल काढले. नवे आणले, तीस रुपये जोडी.
स्प्रिंगेवर हिरवट बुरा, तो खोडरबरानं घासला.
आकडा उमटला, सत्तावीस, ठळक.
दाबलं. एसी ढिम्म.
पलंगावर चढून दाबलं,
पार त्याच्या नाकाशी नेऊन दाबलं,
मांडीवर आपटून दाबलं
(सगळेच आपटतात, शिकलेलेही).
"पोट्ट्यायचं लॉक तं नाई लागलं?"
शेजारच्या गजूनं दारातूनच अक्कल पाजळली.
नव्हतं लागलं.

मग मोबाईल काढला. सेल्फीचा कॅमेरा,
त्याच्यासमोर रिमोटचं बोंड.
"काकू, या. इथं पाहा."
उघड्या डोळ्यांना काहीच नव्हतं.
पडद्यावर मात्र एक ठिपका, लुक, लुक,
जवसाच्या फुलाच्या रंगाचा.

काकूंची वाकळ गळून पडली.
रिमोटकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं,
पुन्हा रिमोटकडे.
"म्हंजे थो बोलून राह्यला?"
बोलतोय, काकू.
"मंग आयकत कोन नाई?"

मी स्टूल मागितलं
तशा काकू उगाच चादरीच्या सुरकुत्या काढू लागल्या.

उजव्या कोपऱ्यात, जिथं हिरवा दिवा असतो
आणि दिव्याला लागूनच त्याचा कान,
तिथं एक टिकली.
मोठी, मरून, कडेला सोनेरी रेघ.
गोंद जुना, पण धरून होता.

"रातभर डोये वटारते थो मेला.
मले झोप नाई येत."
मग जरा थांबून,
"टरंकात पाकिटं पडून होती. सात वर्सं झाली.
फेकाची कायले?"

मी काही बोलले नाही.
नखानं टिकली उचलली, बटण दाबलं.
टुण्‌.
पाती हलली, वारा मवाळ झाला.
गजू म्हणाला, "मी म्हनतच होतो."
काय म्हणत होता ते त्यालाच ठाऊक.

काकू वाकळीची घडी घालत होत्या.
"आन आता रातच्याला?"

टिकली अजून माझ्या बोटाच्या पेरावर होती.
दिव्यावरच ठेवली,
तिळभर डावीकडे सरकवून, कान मोकळा सोडून.
दाबून पाहिलं. टुण्‌.
आणखी एकदा, काकूंच्या हातून. टुण्‌.
मग त्या दाबतच राहिल्या,
अठ्ठावीस, एकोणतीस, तीस,
"बंद नको करू, चालू राहू दे,
जावई इचारते फोनवर."

सेलचे तीस घेतले.
मजुरी नको म्हटलं तर मुंगवड्यांची पुडी दिली.
बाहेर ऊन तव्यासारखं तोंडावर आलं,
बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

रात्री फोन चाळताना सापडला
चुकून निघालेला फोटो:
मधोमध जवसाचं फूल, धगधगीत,
मागे माझा अर्धा खांदा,
आणि खांद्यावरून वाकून पाहणारं
एक मोकळं कपाळ.