दरवाजा सहा फूट नऊ इंच

गोठ्याचा दरवाजा सहा फूट नऊ इंच.
आतली तुळई त्याहून दोन बोटं खाली,
बाभळीची होती, वाकली.
म्हशींच्या दोन रांगांमधली गल्ली पावणेसहा फूट,
तीही म्हशी शेपट्या आवरून उभ्या राहिल्या तर.
एवढं दुधाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं,
टेप पर्समध्ये टाकली
आणि सिमरोलहून सकाळच्या बसने इंदूरला, नवलख्याला उतरले.
गेंदालाल सोबत.
धुतलेला सदरा घालून, सोयरीक बघायला निघाल्यासारखा.

शोरूममधल्या चौकसेने मला खुर्ची दिली, गेंदालालला पाणी,
आणि दोघांना मिळून पन्नास हॉर्सपॉवरचा लाल ट्रॅक्टर.
"ट्रॉली ओढा, रोटाव्हेटर लावा, बाई,
गावात नाव निघेल."
नाव निघेल हो,
म्हशींच्या गल्लीतून ट्रॅक्टर कसा निघेल?

मी टेप काढली.
जमिनीपासून उभ्या धुराड्याच्या टोकापर्यंत
गेंदालालने एक टोक धरलं, मी दुसरं.
आकडा वाचला तसा चौकसे हसायचा थांबला.
दीर यशोधन फोनवर म्हणालेच होते,
लहान घ्याल तर लोक खेळणं म्हणतील.
म्हणू देत.
शेण काढायला लोक येत नाहीत.

मागच्या शेडमध्ये होता तो. सत्तावीस हॉर्सपॉवर.
धुराडं बॉनेटखालून आडवं,
डोक्यावरची कमान घडी घालून मागे पडणारी,
आणि चारी चाकं ओढणारी,
कारण श्रावणात आमची काळी माती
नुसता बूट नाही,
बूट घातलेला माणूस ठेवून घेते.
पुढे लोडर. साडेतीनशे किलो उचलतो, चौकसे म्हणाला.
मी विचारलं, ओलं शेण, की कागदावरचं?

मग गेंदालालला म्हटलं, बस.
तो आधी माझ्याकडे बघत राहिला, मग सीटकडे.
चढला. स्टिअरिंगला हात लावायच्या आधी
सदऱ्याला पुसला.
उजवा पाय ब्रेकवर बसला.
डावा क्लचवर गेला आणि अर्ध्यात राहिला.
"बई, म्हारो गोडो नी मुडे."
एवढंच, आणि तेही माफी मागितल्यासारखं.

एकवीस वर्षं फावडं मारतोय माझ्याकडे.
गुडघ्याचं मला आज कळलं, शोरूममध्ये.

एका खेपेला पुढे-मागे सहा वेळा.
रोज चाळीस खेपा.
दोनशे चाळीस वेळा क्लच.
गुणाकार करताना मी बाहेरची रस्त्यावरची टेम्पोंची रांग बघत होते.

क्लच न दाबता पुढे-मागे होणारा आहे एक, चौकसे म्हणाला,
पण त्याचे ऐंशी हजार जास्त.
ऐंशी हजारांत रोटाव्हेटर आला असता.
बटाट्याची जमीन घरच्या घरी फिरली असती,
किशोर पाटीदारला तासाचे पैसे मोजावे लागले नसते,
त्याच्या दारी सकाळी उभं राहावं लागलं नसतं.
मी वहीचं पान उलटलं. मागे काही नव्हतं,
मंगळवारचं दूध होतं.
म्हटलं, तो दाखवा.

आला त्या दिवशी नारळ फुटला, हळद लागली,
आणि पहिलीच बकेट भरून उचलली तर
मागची चाकं जमीन सोडून वर!
अठ्ठावीस म्हशी रवंथ विसरून बघत राहिल्या.
मागे वजन टांगावं लागतं,
चौकसे सांगायला विसरला, मी विचारायला.
तेलाच्या पिंपात गिट्टी आणि सिमेंट ओतलं,
दहा दिवस उन्हात ओलं पोतं टाकून वाळवलं,
तेव्हा कुठे पुढचं उचललं जाऊ लागलं.

आता सकाळी सहाला गोठ्यात गुरगुर असते.
तुळईखालून जाताना गेंदालाल अजून मान खाली घालतो,
गरज नसते तरी.
बकेट कोपऱ्यात पोचत नाही.
तिथे तो थांबतो, उतरतो, उजवा पाय आधी,
भिंतीचं फावडं घेतो.
मी त्याला काही म्हणत नाही.
वहीत लिहून ठेवलंय फक्त,
पुढच्या वेळी गोठा बांधायचा झाला तर:
कोपरे गोल.