हिरवा, पण कोणता

इंजिन तयार होऊन सहा महिने झाले.
दोन वीत लांब, तेलाच्या डब्याच्या पत्र्याचं,
नळ्या वाइंडिंगच्या तांब्याच्या तारेच्या,
शिट्टी बॉलपेनच्या टोकाची.
दुकानात जळून आलेल्या पाणबुडी मोटारींच्या रांगेत
ते नागडं उभं आहे,
आणि गिऱ्हाईक विचारतं, याला रंग कधी?

रंगाचंच अडलंय.

पूर्णेच्या शेडमधली शेवटची इंजिनं मी पाहिली
तेव्हा सहा वर्षांचा होतो,
आणि सहा वर्षांच्या पोराला विचाराल
तर इंजिन मोठं असतं. एवढंच.
फोटो आहे एक, कुणाच्या तरी निरोप समारंभाचा.
त्यात हार राखाडी, माणसं राखाडी,
मागचं इंजिन त्याहून जरा गडद राखाडी.

ग्यानोबा तारू, फायरमन. आता ऐकायला कमी येतं.
मी ओरडून विचारलं, रंग कोणता होता?
"काळा. कोळशाचा काय रंग आसतो?"
मग बशीत चहा ओतता ओतता,
"धुतल्यावर मातर हिरवं निघायचं.
पन धुयाचं कोन?"

बाशूमियाँ शेडमध्ये रंगारी होते.
एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, एक बाकी.
त्यांनी दोन्ही मिटले.
"हरा. मगर बाटली का हरा नक्को समझो,
मूँग का बी नई.
नीम का पत्ता भिगाके पीछे से देखो, वैसा."
मी लिंबाचं पान भिजवून उलटं धरलं.
चैत्रातलं पान आणि भाद्रपदातलं पान
एका रंगाचं नसतं,
हे मला चाळिशीत कळलं.

परभणीच्या दुकानात शेडकार्डावर
हिरव्याच्या बावन्न चौकटी.
नावं इतकी गोड
की एकही इंजिनाला लावावीशी वाटेना.
"गेट रंगवायचंय का?" दुकानदार म्हणाला.
हो म्हणालो. सोपं पडतं.

यार्डापलीकडे कुणाच्या तरी गोठ्यात
जुन्या टेंडरचा पत्रा होता म्हणे, म्हशींना पाणी पाजायला.
गेलो तर पोळ्याआधीच भंगारात गेलेला.
जागेवर नुसतं पिवळं पडलेलं चौकोनी गवत.

शेवटी बोलल्या त्या ग्यानोबांच्या सोजरबाई,
उंबऱ्यावर शेंगा फोडत,
"त्यायला काय इचारायलास?
माळ्यावरचा पाळना काढ."

डब्याच्या खालच्या खणात
चमचा चमचा रंग घरी यायचा.
"चोरी म्हनू नको. उरलेला."
चार लेकरं त्यात निजली,
चौघांनी कठडा चाटून पांढरा केला.
पण तळाच्या फळीखाली,
जिथं ऊन पोचलं नाही, ओठ पोचले नाहीत,
तिथं मी टॉर्च धरली.

लिंबच. उलटं पान.
फक्त त्यात कुणीतरी काळ्याचा एक थेंब सांडल्यासारखा.

"नखाएवढं खरवडू?"
"खरवड. पन वरून तसलाच लावून दे मंग."

म्हणून पहिला हात इंजिनाला नाही, पाळण्याला बसला.
अकरा वेळा मिसळला.
अकराव्याला सोजरबाईंनी चष्मा लावून, बोट फिरवून पाहिलं,
आणि कुठं खरवडलं होतं ते मलाच विचारलं.

त्याच रात्री इंजिन रंगवलं.
दोन दिवस वाळू दिलं, मोटारींपासून लांब.
मग वर्तमानपत्रात गुंडाळून ग्यानोबांकडे नेलं.
त्यांनी ते मांडीवर घेतलं,
चाकं फिरवून बघितली,
आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत.
"हे रंगाऱ्याचं इंजिन हाय," म्हणाले. "माहं न्हाई."
उठले. न्हाणीतल्या हंड्याच्या बुडाला अंगठा घासला
आणि बॉयलरवरून, घुमटावरून, चिमणीवरून
काजळी फिरवत गेले.
केबिनच्या दाराची एक कड तेवढी ठेवली.
तिथं हात लागायचा, म्हणाले.

बाशूमियाँचा दुसरा डोळा दिवाळीनंतर उघडणार आहे.
तोवर इंजिन त्यांना दाखवायचं नाही, हे नक्की.
पुसून दाखवायचं की असंच,
ते अजून ठरत नाही.