बिननावाचा अर्धा तास

ऑगस्टमध्ये निझव्यातल्या आमच्या विभागात तिघंच उरतो:
झुवैना, मी, आणि सर्व्हरच्या खोलीतला रोडेल,
जो बारा महिने स्वेटर घालून असतो.
बाकी सगळे सुटीवर. मोन्सेफ ट्युनिसला गेला
तो करार संपवूनच. दारावरची पाटी काढली,
चार स्क्रूंची भोकं तेवढी राहिली.

झुवैनाचा विषय तसा सोपा:
यंत्र एक, कामं हजार, पाळी कुणाची?
ज्या कामाची पाळी कधीच येत नाही
त्याची उपासमार झाली, असं आमचं शास्त्र म्हणतं.
खरंच, याच शब्दात. पहिल्या वर्षाची मुलं हसतात,
मग व्याख्या लिहितात, दोन गुणांची.

तिचा पेपर तिसऱ्यांदा परत आला.
परीक्षक क्रमांक दोन विचारतो, प्रत्यक्षातला डेटा कुठाय?
ती म्हणाली, चल, काकांकडे पोतंभर आहे.

सैफ बिन खल्फान खजुरीखाली बसलेले,
पाय पाटात.
उन्हात रोवलेली काठी, जमिनीवर दगडांच्या खुणा,
सावली एका खुणेवरून दुसरीवर गेली की एक अथर,
अर्धा तास पाण्याचा.
अथर म्हणजे ठसासुद्धा, झुवैनाने सांगितलं,
कुणीतरी इथून गेल्याचा.

मी तेव्हाच सांगायला हवं होतं
की माझे मामा पांझरेकाठी फडावर पाटकरी होते,
कुणाला बारे कधी, ते त्यांच्या खांद्यावरचं फावडं सांगायचं.
पण मी त्या दिवशी तज्ज्ञ होते.
लॅपटॉप उघडला.

तीन आठवडे ती वही वाचायची, मी आकडे भरायची.
बागा, वारसदार, विकलेल्या पाळ्या,
बहिणीने भावाला दिलेला पाव अथर.
प्रोग्रॅम चालवला. अकरा टक्के पाणी वाचत होतं!

काकांनी कॉफी ओतली, चष्मा पुसला,
मग पडद्यावर बोट ठेवलं:
हा कुठे गेला?
दर आठव्या रात्रीचा, पहाटेआधीचा एक अथर,
पूर्वी ताऱ्यांवर मोजायचे, आता मनगटावरच्या घड्याळावर.
वहीत त्याच्यासमोर नाव नव्हतं.
रिकामा वेळ समजून आम्ही तो वाटून टाकला होता.

रिकामा?
ज्याची पाळी चुकली त्याचा तो.
कुणी तापात पडलं, कुणी मयतीला गेलं,
कुणी भांडून रुसून बसलं.
मग घेतो कोण, मी विचारलं.
काका म्हणाले, ठाऊक नाही.
त्या रात्री फळी कोण उचलतं
ते बघायला मी जात नाही.

परतताना गाडी एकशेवीसच्या वर गेली
की इशारा वाजायचा, टिंग टिंग,
झुवैना वेग कमी करायची, पुन्हा वाढवायची.
बोललो नाही.

अर्धा तास परत ठेवला. अकराचे चार टक्के झाले.
आता हे लिहायचं कसं?
मालक विचारायचा नाही अशी वेळ:
याला चिन्ह कुठलं द्यायचं,
आणि परीक्षक क्रमांक दोनला काय सांगायचं?
दोन दिवस एकाच वाक्यावर अडून होतो.

त्याच आठवड्यात सर्व्हरच्या नोंदी चाळताना
रात्री दोन ते अडीच, एक अनोळखी काम,
मालकाच्या रकान्यात काही नाही.
कुणाचं ते दोघींना माहीत होतं.
रोडेलची बहीण सेबूत वास्तुकला शिकते,
तिच्या शेवटच्या वर्षाचा पूल
घरच्या यंत्रावर उभाच राहत नाही.
नियमाने असं काम मारायचं असतं.
मारणे, हाही आमच्याच शास्त्रातला शब्द.

झुवैनाने ती ओळ पाहिली
आणि पान वर सरकवलं.

मग मी मामांचं सांगितलं. उशिरा, पण सांगितलं.
ती म्हणाली, तुमच्या फडात होता का असा अर्धा तास?
माहीत नाही, मी म्हटलं. वही नव्हती.
फक्त कधीकधी रात्री मामा पाटावर जाताना
फावडं घरीच ठेवून जायचे.