एक, तीन, चार, दोन

बॉनेट उघडायच्या आधी
हात ठेव बे त्याच्यावर.
बसला चटका?
म्हणजे विकणाऱ्यानं सकाळीच फिरवून आणलीय.
गार इंजिन खरं बोलतं,
तापलेलं गोड बोलतं.

मी राजेशम बिंगी. आधी मिलमध्ये जॉबर.
कुठल्या मागाचा धोटा उशिरा पोचतोय
ते शेजारच्या शेडमध्ये उभा राहून सांगायचो.
मिलचा भोंगा बंद पडला, कान तेवढा राहिला.
तो घेऊन अक्कलकोट रोडला हे शटर उघडलं.

आता ऐक.
एक हजार एकोणनव्वद सीसी,
बोअर अडुसष्ट, स्ट्रोक पंच्याहत्तर.
कागदावर चाळीस घोडे आहेत.
त्यातले अकरा-बारा मेले असतील,
दोन-तीन लंगडे,
बाकीचे आसरा पुलाच्या चढाला
अजून मान खाली घालून ओढतात.

अन् ठिणगी पडते ती
एक, तीन, चार, दोन.
हसालास काय?
शाळेतली उजळणी इथं चालत नाही.
ओळीनं पेट म्हटलं
तर क्रँकच ऐकणार नाही तुझं.

मे महिन्यात पारा चव्वेचाळीसला गेला
की पेट्रोल कार्बोरेटरला पोचायच्या आधीच वाफ होतं.
सात रस्त्याला मधोमध बसेल ही,
मागचे हॉर्न वाजवतील, आईबहीण काढतील.
तू फडकं भिजवायचं, पंपाला गुंडाळायचं,
अन् समोरच्या गाड्यावर उसाचा रस प्यायचा.
तुझं डोकं गार होईस्तोवर तिचंही होतं.

पॉइंट काळे पडतात. घासायचे. फट सतरा थाऊ.
कोण म्हणेल, विडीचं पान घालून मापा.
माझी बायको तीस वर्षं विड्या वळायची,
तिच्या सुपातली पानं गेज लावून मोजलीयत मी.
एकाला दुसरं जुळत नाही.
थाऊ म्हणजे थाऊ.

टॅपेट वाजतात म्हणून कुणी आवळायला सांगितलं
तर त्याच्याकडं परत जाऊ नको.
थोडे वाजू दे.
वाजणारं टॅपेट काही करत नाही.
गप्प झालं, की आत वाल्व्ह जळत असतो,
अन् बाहेर गिऱ्हाईक म्हणतं, वा, काय मऊ चालतीय!

बाहेर चिप्पा मास्तर चहा फुंकत बसलाय ना?
बसू दे. जरा इकडं वाक.
मॅनिफोल्डच्या मागं, तिसऱ्या सिलिंडरच्या अंगाला,
रंग थोडा जाड लागतोय?
नख लाव.
दिसली?
केसाएवढी.

सत्त्याण्णवचा उन्हाळा.
रेडिएटर कोरडा, ब्लॉक तडकलेला,
मालक म्हणाला, राजेशम, बघ काहीतरी.
ब्लॉक बदला, असं म्हणायचं होतं.
पोरीच्या नर्सिंगची फी सोमवारी भरायची होती.
मसाला भरला, घासला, वरून दोन हात रंग.
नवी झाली म्हणालो.

त्यानं विश्वासानं विकली.
घेणाऱ्यानं विश्वासानं पुढं विकली.
पाच हात फिरली ही, अन् दर वेळी
तपासायला माझ्याच शटरपुढं.
बिंगीला कान आहे म्हणतात ना गावात.
पाच वेळा मी बॉनेट उघडलं,
पुसलं,
लावलं.

मास्तरचा यात काही दोष नाही, त्याला ठाऊकच नाही.
तू सहावा.
का सांगालोय ते विचारू नको,
पोरगी आता पुण्याला हेड नर्स आहे.

घ्यायची तर घे, पंधरा हजार कमी करून माग.
नको तर नको म्हण, माझं नाव सांग.
चीर धरून आहे अजून,
तेवढी हमी देतो, लिहून नाही.

बस आत. चोक अर्धा. मार चावी.
हं.
एक. तीन.
ऐकालास का?
चार, दोन.
परत एक...
तिथं. तीनला.

ॲक्सिलरेटर नको देऊ.
तसंच ऐक.