उजव्या हाताची पुस्तकं

मंगळवार, गुरुवार, शनिवार.
कुताइसीच्या इस्पितळात, दुसऱ्या मजल्यावर
आम्ही पाच जण, पाच यंत्रं,
चार तास.
डावा हात सुयांच्या हवाली. तो हलवायचा नाही.
म्हणजे जाडजूड पुस्तक बाद.
नव्या बांधणीचं, आपलं आपण मिटणारं, तेही बाद.
एका हातानं टाळी वाजत नाही म्हणतात;
पान मात्र उलटतं,
अंगठ्याला सवय लागली की.

इथे तब्येत कुणी कुणाला विचारत नाही,
ती यंत्रावर आकड्यांत दिसतेच.
"काय चाललंय सध्या?" म्हणजे
पुस्तक कुठलं, आणि कुठवर आलं.

गुराम, पूर्वी ट्रॉलीबस चालवायचा,
द्राक्षवेलींच्या रोगांवरचं पुस्तक वाचतो.
वेल सोडा, त्याच्या गच्चीत कुंडीसुद्धा नाही.
"पण काय लिहितो हा माणूस!" म्हणतो,
"पानावर बुरशी चढते ती अशी सांगतो
की शेजारणीची चहाडी ऐकतोय असं वाटावं."

लामारा एका वेळी तीन वाचते,
एकही हातावेगळं करत नाही.
विचारलं तर म्हणते, हात तरी कुठे मोकळाय?

बेसो अठ्ठावीसचा, फोनवर वाचतो,
म्हणून आधी आम्ही त्याला वाचणाऱ्यांत धरतच नव्हतो.
मग एका शनिवारी त्यानं मोठ्यानं वाचलं:
एक बाई भर उन्हात विहिरीतून बादली ओढते
आणि काठाला ओठ लावून पिते, पितच राहते.
आम्हाला दिवसाला पाऊण लिटर.
चहा, सूप, गोळ्यांबरोबरचा घोट धरून.
कुणी काही बोललं नाही.
मग नझिब्रोला म्हणाली,
"तेवढंच परत वाच रे. सावकाश."
बादली वर येताना साखळी कितीदा खडखडते
ते मला अजून पाठ आहे.

माझ्याकडे होती एक रहस्यकथा,
शेवटची चौदा पानं नसलेली.
वीज नसायची त्या हिवाळ्यात
आईनं ती चुलीत घातली होती.
"मागूनच का फाडलीस?" मी ओरडलो होतो.
"पुढून फाडली असती
तर तू वाचायलाच घेतलं नसतंस."

तर, खुनी कोण?
लामारा म्हणाली, औषधवाला.
गुराम म्हणाला, डॉक्टर; आणि दाराकडे पाहिलं.
बेसो फोनवर शोधून देतो म्हणाला,
त्याच्यावर आम्ही सगळेच खेकसलो.
नझिब्रोलानं पुस्तक पिशवीत टाकलं.
"घरी नीट वाचते. माझ्या नजरेतून कोण सुटतंय?"

पण त्याच आठवड्यात तिच्या भावाच्या तपासण्या जुळल्या.
ती तिबिलिसीला गेली, मूत्रपिंड घेऊन गावी परतली.
तिची खुर्ची तशीच,
आणि आम्ही खूश. अगदी मनापासून.
फक्त तिच्याशिवाय कुणाचं पान हलेना.
आणि माझं पुस्तक तिच्याकडेच राहिलं,
हेही मी बोलून दाखवलं. दोनदा.
"लाज बाळग," गुराम म्हणाला.

सात आठवड्यांनी गावच्या मिनीबसवाल्यानं पिशवी आणून दिली.
आत आंबट आलुबुखाराच्या चटणीची बरणी,
जी आमच्यातल्या कुणालाच चालत नाही.
तिला आता चालते.
ती विसरली, की हेच तिला सांगायचं होतं,
कोण जाणे. बरणी नर्स माझिया घेऊन गेली.

खाली पुस्तक.
मागे चौदा कोरी पानं, गोधडीच्या दोऱ्यानं शिवलेली,
त्यातली नऊ पेन्सिलीनं भरलेली.
मी उजव्या हातानं धरून वाचत गेलो:
औषधवाला सुटला, डॉक्टर सुटला,
इन्स्पेक्टर जिन्यापाशी पोचला, दार ढकललं, आणि
तिथेच ओळ तुटते. खाली लिहिलंय:
"थांबा हं. पाणी पिऊन येते."

यंत्रं घरघरत राहिली.
"मग?" बेसो म्हणाला. "खुनी?"
पुढच्या पानावर होता बहुतेक.
मी पान उलटणार, तेवढ्यात
लामारा म्हणाली, थांब.
तेवढंच परत वाच.