शिडी

वास्लुईहून तिकडे दिवसाला एकच बस.
पुढे चिखल, नोव्हेंबरचा,
एका पावलाला बूट मागे ठेवून घेणारा.
पिशवीत एकशेवीस प्रश्न, दोन पेनं,
आणि खात्यानं दिलेली मेंढीच्या आकाराची खोडरबरं:
लहान उत्तरदात्यांना भेट. पावती घेऊन.

घर क्रमांक सदतीस.
दार इलिंकानं उघडलं. वय अकरा, हातात डाव,
मागे चुलीवर मामालिगा रटरटत होती.
‘मोठं कुणी आहे का घरात?’
तिनं वळून आत पाहिलं,
न जाणो, कुणी आलं असेल तर,
आणि म्हणाली, ‘मी आहे.’

संमतीला शेजारीण आली,
पिसं लागलेला हात ॲप्रनला पुसून सही केली,
आणि बदकांकडे परत गेली.

बुटांचे दोन जोड आहेत का?
आहेत. एक खोक्यातच आहे. तो लहान झाला.
म्हणजे, आला तेव्हाच लहान होता.
स्वतःचा पलंग? हो, आणि वर दोन मोकळे.
फ्रिज? हो. इंटरनेट? हो, सगळ्या खोल्यांत.
आठवड्यातून एकदा तरी मांस किंवा मासे?
ती जरा थांबली. ‘करता येतात मला,’ म्हणाली.
मी ‘हो’वर खूण केली.
इतकं भरलेलं घर त्या आठवड्यात
दुसरं लागलं नव्हतं.

सात वाजता फोन वाजला. स्पेनहून.
पडद्यावर आई, मागे पत्र्याची भिंत,
नखांच्या कडांना स्ट्रॉबेरी.
सांदूनं आ वासून दाताची खिंड दाखवली.
‘कुणी काढला रे?’ आईनं विचारलं.
‘हिनं. दोऱ्यानं. दाराला बांधून.’
आई हसली. मग चित्र अडकलं,
आणि ते हसू बराच वेळ तसंच राहिलं,
आम्ही तिघंही त्याच्याकडे बघत.
हा प्रश्न माझ्या एकशेवीसांत नव्हता.

शेवटच्या पानावर शिडी असते.
सगळ्यात वर, दहावर, तुला हवं तसं आयुष्य.
सगळ्यात खाली, शून्यावर, नको तसं.
तू कुठे आहेस? खूण कर.
इलिंकानं पेन घेतलं, जीभ दातांत धरली,
आणि पाचव्या पायरीवर एक मुलगा काढला,
कान मोठे, एक दात नसलेला.
मग शिडीच्या बाहेर, जमिनीवर,
पाय फाकवून, दोन्ही हातांनी शिडी धरलेली एक मुलगी.
‘आणि तू?’ मी म्हटलं.
‘हीच की,’ ती म्हणाली. ‘कुणीतरी धरायला लागते.
नाहीतर हलते ना ती.’

बुखारेस्टला परत आल्यावर
चौकटीत शून्य ते दहा एवढेच आकडे बसतात.
बाकी सगळ्यांना नव्व्याण्णव.
नव्व्याण्णव म्हणजे: उत्तर दिलेलं नाही.
मी दोनदा टाइप केलं. यंत्रानं दोन्हीदा मानलं.

मार्चमध्ये बैठक. मोठी खिडकी, मिठाचे कोव्रिजी,
भिंतीवर राष्ट्रीय कल:
निळी रेषा, डावीकडून उजवीकडे चढत गेलेली.
बूट वाढलेत, पलंग वाढलेत,
न पोचलेल्या घरांत फ्रिज पोचलेत.
खोटं त्यात काहीच नव्हतं.
माझ्याच खुणा होत्या त्या.
संचालकबाई म्हणाल्या, ‘सावकाश, पण पायरीपायरीनं.’
सगळ्यांनी माना हलवल्या, मीही.
रेषेच्या पायथ्याशी काय आहे म्हणून पाहिलं,
तर तिथे फक्त वर्ष लिहिलेलं होतं.

संध्याकाळी कागद गठ्ठ्यात बांधताना
सदतीस क्रमांकाची पावती हाती आली.
खोडरबरं: दोन. मिळाली.
खाली दोन रेघा असतात, ‘मूल’ आणि ‘पालक’.
पहिल्या रेघेवर सांदूचा स, उलटा.
दुसरीवर, शाळेतल्या गोल अक्षरात, पूर्ण नाव:
इलिंका चोबानू.

नियमानं ही पावती बाद.
दुरुस्त करून घ्यावी, असं हस्तपुस्तिकेत आहे.
पिशवीच्या तळाशी एक मेंढी उरली होती.
ती मी वापरली नाही.