पाहिलं गेलं: शून्य

दर महिन्याच्या पाच तारखेला
बुटीबोरीहून सोमलवार साहेबांचा फोन येतो,
पोर्टलचे आकडे पाठवा.
कंपनीनं एवढं लिहून ठेवलंय,
कोणतं पान किती वेळा उघडलं,
किती सेकंद वाचलं.

वडकीच्या जिनिंगात माझं टेबल.
कूलरच्या जाळीवर रुईचा थर,
कीबोर्डच्या फटीत सरकीची सालपटं.
झटकतो, आणि आकडे उतरवतो.

पहिला नंबर: 'आग लागू नये म्हणून',
सहाशे अकरा वेळा.
साहेब खूश. सुरक्षेची जाण वाढली म्हणाले,
बाकीच्या युनिटांना आमचं नाव कळवलं.
मी बोललो नाही
की ते पान पांढरंफटक आहे, एकही चित्र नाही,
आणि लाईन गेली की
काट्यावरची रंजना डहाके तेच उघडते,
त्याच्या उजेडात गाड्यांच्या पावत्या फाडते.
या महिन्यात लाईन बरीच गेली.

शेवटचा नंबर: 'रोलर व चाकू यांतील अंतर'.
शून्य.
साहेबांची लाल खूण, निरुपयोगी, काढून टाका.

सात नंबरच्या मशीनजवळ गेलो.
आठ वर्षांपूर्वी कुणीतरी हेच पान छापून
बियाण्याच्या पिशवीत गुंडाळून खांबाला बांधलेलं.
अक्षरं तेलानं पिऊन टाकलेली.
तुळशीराम कोडापे तेही वाचत नाही.
वरच्या खिशातून पत्त्यातली चौकट सत्ती काढतो,
चाकूखाली सरकवतो,
अडली की हसतो.
"इतकीच फट पायजे, भाऊ."
चौकट सत्ती कोणत्या रकान्यात टाकायची,
मला कुणी सांगितलेलं नाही.

आणखी एक यादी असते, साहेब ती मागत नाहीत:
शोधलं, सापडलं नाही.

पट्टा सटकून राह्यला
मशीन कायले बोंबलते
कापूस वल्ला हाय त घ्याचा का
गाठीचं वजन भरत नाई
पगार कवा
पगार
कापूस वल्ला

आमच्या पोर्टलवर ओलीबद्दल अकरा पानं आहेत,
'आर्द्रतेचे प्रमाण व तत्संबंधी कार्यपद्धती'.
अकरा पानांत वल्ला एकदाही नाही.
दारात गाड्या उभ्या,
माणूस वल्ला लिहितो, मशीन म्हणते, काही आढळले नाही,
माणूस मूठभर कापूस दाबून पाहतो
आणि गाडी आत घेतो.

चौदा डिसेंबर, पहाटे पाच चाळीस,
प्रेसजवळचा कॉम्प्युटर:

बाप मेल्यावर सुट्टी किती रोज

पाच एकेचाळीस:

बाप मेला सुट्टी

पाच त्रेचाळीस:

सुट्टी

तिन्ही वेळा शून्य.
चाळिसाव्या पानावर आहे ते, 'शोक-अवकाश धोरण',
तीन दिवस, भरपगारी.
त्या पानालाही लाल खूण.

आकड्यांत नाव येत नाही, तशीच सोय केलेली आहे.
मी तरी मस्टर काढलं.
रातपाळी, प्रेस: उत्तम आडे.
चौदाला पाळी पूर्ण, गाठी एकशे बारा.
पंधराला हजर.
सोळाला हजर, सही जरा वाकडी,
की मलाच आता तशी दिसते.

दुपारी तो प्रेसवरच होता,
गाठीवर नंबर मारत, कानात रुईचे बोळे.
मी जवळ जाऊन उभा राहिलो.
त्यानं खुणेनंच विचारलं, काय?
मी खुणेनंच म्हटलं, काही नाही.

आकडे पाठवले. वेळेत, दोन प्रतींत.
शेऱ्याच्या रकान्यात मी नेहमी निरंक लिहितो.
या वेळी लिहिलं,
चाळिसाव्या पानाचं नाव बदलावं,
बाप मेल्यावर सुट्टी, असं ठेवावं.

तिसऱ्या दिवशी साहेबांची विचारणा आली:
अशी मागणी एकूण किती जणांची?

बराच वेळ बोटं कीबोर्डवर ठेवून बसलो.
लिहिलं: एक.